आंघोळीच्या आधीचे रोगी

कुत्र्याने तंगडी वर केली की भल्या माणसाची नजर दुसरीकडे वळते. आमच्या मावसाजींची नजर मात्र नेमकी तिथेच जाऊन बसायची आणि कुत्र्याचे सगळे आटोपेपर्यंत हलायची नाही. अमरावतीच्या परकोटाच्या आत-बाहेर त्या काळी जेवढी म्हणून कुत्री नांदत होती, त्यांतल्या प्रत्येकाची धार किती, रंग कसा आणि नेहमीची भिंत कोणती, हे तोंडपाठ असलेला एकच गृहस्थ या वऱ्हाडात होऊन गेला, आणि दैवाने तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा निघाला. बरे, हा माणूस शिकारी नव्हता, धनगर नव्हता, पलटणीतलाही नव्हता. चांगला घनपाठी भिक्षुक होता. घरोघर पूजा सांगाव्या, लग्नाचे मुहूर्त काढावे, श्राद्धपक्ष चालवावे, हा पिढीजात धंदा. कुत्रे नुसते घासून गेले तरी ज्याला अंगावरच्या धोतरासकट आंघोळ करावी लागते, त्याच माणसाच्या डोक्यात देवाने कुत्र्यांच्या मूत्राशयाची काळजी भरून ठेवावी, याला काय म्हणावे? मावशी म्हणायची, "मागच्या जन्मी यायनं कोण्या तान्हेल्या कुत्र्याले हाकललं असन, थे आता फेडून राहिले."

मी मूळचा अकोल्याचा. तिकडे अमेरिकेत म्हणे भाऊ भाऊ एकमेकांच्या उरावर बसले होते, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि त्यापायी आमच्या वऱ्हाडी कापसाला एकाएकी राजयोग आला होता. काल-परवापर्यंत लोटा घेऊन रानात जाणारे लोक पालखीतून जाऊ लागले. मला मोडी बरे लिहिता यायचे. तेवढ्या भांडवलावर अमरावतीच्या एका शेटजींच्या वखारीत मी कारकून म्हणून चिकटलो आणि मावशीकडे राहायला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला परसात गेलो, तर मागच्या दाराशी ही रांग. माणसे उकिडवी बसलेली, प्रत्येकाच्या हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला एकेक कुत्रे. मधोमध मावसाजी. कालचेच धोतर, शेंडी सुटलेली, कपाळ कोरे, आणि एका तांबड्या कुत्रीच्या मागे मान वाकडी करून बसलेले. मला पाहून म्हणाले, "तिकडे सरक बापू. तू असा उभा राह्यला त लाजते थे." मी सरकलो. कुत्री खरोखरच लाजत होती की काय कोण जाणे, पण मी कोपऱ्याआड जाताच तिने कार्य उरकले आणि मावसाजी दोरी धरणाऱ्याला म्हणाले, "हं. उन्हाळी लागली इले, जळजळ होते. पाणी पाजत नाईस काय बे?"

पहाटेच्या या दरबारामागे मोठे धर्मशास्त्र होते. माणूस अंथरुणातून उठल्यापासून आंघोळ करेपर्यंत पारोसाच असतो. पारोशाला कुत्रे शिवले काय अन् न शिवले काय, आंघोळ व्हायचीच आहे. तेव्हा कुत्र्यांना जो काही हात लावायचा तो आंघोळीच्या आधी, हा मावसाजींचा नेम. एकदा अंगावर पाणी पडले, सोवळे नेसले, की मग प्रत्यक्ष इंद्राच्या घरचे कुत्रे आले तरी, "उद्या या, पारोसा असताना." अशी ही फट त्यांनी शास्त्रात शोधून काढली होती आणि तिच्यातून साऱ्या अमरावतीची कुत्री आत येत होती. परिणाम एवढाच झाला, की रोगी वाढले तशी आंघोळ लांबली. आधी ती सूर्य उगवायला व्हायची, मग उन्हे अंगणात आल्यावर, मग उन्हे ओट्यावर चढल्यावर. देव आपले कालच्या निर्माल्यात वाट पाहत बसायचे. मावशी न्हाऊन-माखून चुलीपाशी ताटकळायची. देवाला नैवेद्य नाही तर घरात घास नाही. "देव पारोसे, मी उपाशी, अन् आंगनात कुत्र्यायची पंगत," असे ती रोज एकदा भिंतीकडे पाहून म्हणायची. भिंतीपलीकडून मावसाजी म्हणायचे, "देवाले काय घाई आहे? त्याले काय लागली आहे?"

मावसाजींच्या बोलण्याचीही एक तऱ्हा होती. माणसांविषयी बोलताना ते मुळीच भीड ठेवत नसत. नगरशेट असो की जहागीरदार असो, "तो मुतायले गेला असन" असे चारचौघांत म्हणून मोकळे होत. कुत्र्याच्या बाबतीत मात्र जीभ एकदम सोवळी व्हायची. कुत्र्याला "लघुशंका" व्हायची. "काल लघुशंका किती वेळा झाली जी तुमच्या काळ्याची?" असे ते गाडीवानांना विचारत आणि ते बिचारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मी एकदा विचारले, की हा उलटा न्याय कशासाठी? तर म्हणाले, "माणूस सांगू शकते बापू, कुठं जळते, कवापासून जळते. त्याच्या दुखण्याले शब्द आहे. कुत्र्याचं सारं बोलणं इथंच, भिंतीवर. त्याचा मान राखला पायजे का नाई?" मी वखारीला निघून गेलो.

रस्त्याने त्यांच्याबरोबर चालणे म्हणजे शिक्षाच. काखेत पंचांग, हातात तांब्या, पायांत खडावा, असे झपझप चालता चालता हा माणूस एकदम खांबासारखा उभा राहायचा. पुढे पाहावे तर एखादे कुत्रे बसलेले. एका लग्नाच्या दिवशी असेच झाले. मुलीकडची माणसे दारात येऊन उभी, घंगाळात वेळ मोजणारी घटिका तरंगते आहे, आणि मुहूर्त सांगणारे भटजी गल्लीच्या तोंडाशी एका पांढऱ्या कुत्रीकडे टक लावून उभे. ती बसायची, दोन थेंब टाकायची, उठून चार पावले जायची, पुन्हा बसायची, मग वळून स्वतःला चाटायची. मुलीचा मामा धावत आला. "महाराज, नवरदेव खोळंबला." मावसाजींनी मान वळवली नाही. म्हणाले, "नवरदेवाले पुढं जन्मभर खोळंबाच आहे. ही पाहा पहिले. घडीघडी बसून राहिली अन् पडत काई नाई. कोणाची आहे ही?" कुत्री कोणाची ते कळल्यावाचून ते हलले नाहीत. ती नवरदेवाच्याच आत्याच्या घरची निघाली, तेव्हा मंगलाष्टके संपल्या संपल्या आत्याबाईंना बाजूला घेऊन जवाचे पाणी कसे उकळायचे ते सांगून झाले. आत्याबाई पुढे सगळ्या गावाला सांगत, की भटजींनी मला कानात काहीतरी मंत्र दिला.

विद्या त्यांची पाहण्याची होती, आणि पहाटे हात लावण्याची. मागच्या पायांच्या पुढे, पोटाच्या खाली, दोन बोटे अशी हलकेच फिरवायची की कुत्र्याला कळूही नये. "थैली लिंबाएवढी लागली त समजायचं, उन्हाळी आहे, येऊन जाऊन राहिलं, जीवाले भेव नाई. नारळाएवढी लागली अन् थेंब नाई, त मंग देव आठवा. अन् दाबायची नाई कोणी, सांगून ठेवतो. फुटते." धार तांबूस आली तर एक, घाण मारली तर दुसरे, मुंग्या लागल्या तर तिसरेच काहीतरी, तिसऱ्याला माझ्यापाशी दवा नाही, असे ते आधीच सांगून टाकत. म्हाताऱ्या कुत्र्यांची दुखणी निराळी. एका वकिलाने आपले जुने कुत्रे आणले. झोपेत ओटा ओला करते, रोज मार खाते, तरी सुधारत नाही, ही तक्रार. मावसाजींनी वकिलाकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. म्हणाले, "तुमचे वडील गेले त्या साली मीच होतो न तुमच्याकडे? शेवटच्या महिन्यात अंथरूण ओलं व्हायचं त्यायचं. त्यायलेबी हाणलं होतं काय?" वकील साहेबांचा चेहरा जो उतरला! त्या कुत्र्याला पुढे ओट्यावर वाळल्या गवताची गादी मिळाली, आणि वकिलाकडचे श्राद्ध दुसऱ्या भटजीकडे गेले. मावसाजींनी दोन्ही बातम्या सारख्याच थंडपणे ऐकल्या.

औषधे तरी काय, सगळी पायदळीची. सराट्याचा काटा पायात मोडला तर माणूस शिव्या देतो, मावसाजी पाय धरून तिथेच बसायचे आणि आनंदाने म्हणायचे, "इथं आहे म्हणजे आजूबाजूले वेल असन." उपरण्यात सराटे गोळा करून आणायचे. मावशीच्या स्वयंपाकघरात एका कोनाड्यात धणे-जिऱ्याचे पाणी माणसांसाठी आणि दुसऱ्यात सराट्याचा काढा कुत्र्यांसाठी, अशी व्यवस्था होती. एकदा उन्हातून वखारीतून आलो आणि तहानेच्या भरात दुसऱ्या कोनाड्यातला तांब्या घटाघटा संपवला. पुढची सगळी दुपार मी वखारीच्या मागच्या भिंतीपाशी काढली. रात्री जेवताना मावसाजींनी अगदी आस्थेने चौकशी केली, धार कशी होती, जळजळ होती का, आणि माझी उत्तरे ऐकून मावशीला म्हणाले, "काढा बरा उतरला यंदा." त्यांच्या लेखी त्या दिवशी मला कुत्र्याचा मान मिळाला होता.

सगळीच कुत्री वाचत होती असे नाही. मूतखडा अडकलेले एखादे यायचे, पोट नगाऱ्यासारखे, डोळे खोल गेलेले. कुळथाचे कढण पाज, शेक दे, सगळे करून बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते गाडीवानाच्या खांद्यावरून घोंगडीत गुंडाळून जायचे. त्या दिवशी मावसाजी आंघोळ लवकर करायचे. पूजा करायचे, जेवायला बसायचे, आणि आमटीत भात कालवून तसाच ठेवून उठायचे. मावशीही त्या दिवशी भिंतीशी बोलत नसे. तुम्हाला कुत्री एवढी आवडतात काय, असे कोणी विचारले की मात्र ते भडकायचे. "मले काई आवडत नाईत. घाण जात. पण तुंबलेलं पाहवत नाई, काय करू?"

त्या तेजीच्या दिवसांत एक नवीनच दुखणे सुरू झाले आणि ते ओळखले मावसाजींनी. खेड्यापाड्यांतून कापसाच्या गाड्या यायच्या, तोलाईसाठी राजापेठेच्या अंगाला रानात दिवस दिवस रांगेत उभ्या राहायच्या. प्रत्येक गाडीखाली एक कुत्रे. पूर्वी ही कुत्री मोकळी असत. गाडीमागे चालत, हिंडत, फिरत, पुन्हा गाडीखाली येऊन पडत. पण आता गाडीतला कापूस सोन्याच्या भावाचा, एखादा बोजा रात्रीतून गेला तर गाडीवान पुन्हा उभा राहणार कसा? म्हणून सगळ्यांनी कुत्री गाडीच्या आखाला बांधून टाकली. आता खेड्यातले कुत्रे हे मोठे टापटिपीचे जनावर. जिथे झोपते, जिथे मालकाची भाकर असते, तिथे ते घाण करीत नाही. बांधलेले कुत्रे दाबून धरायचे. सकाळ गेली, संध्याकाळ गेली, तरी धरून. गाडीवानाला वाटायचे, काय शहाणे जनावर आहे. आणि पाणी तर त्याला कोणी पाजायचेच नाही, कारण पाणी पाजले की सोडावे लागेल. "कापूस चढला अन् कुत्रं तुंबलं," मावसाजी म्हणायचे. ते गाड्यांच्या तळावर जाऊन, अर्थात दुरून, ओरडून सांगायचे, की सोडा बाप्पा, दोन वेळा सोडा. गाडीवान म्हणायचे, "हो जी महाराज," आणि ते गेले की दोरी आणखी एक वेढा आखडायचे.

अशात आमच्या शेटजींनी नवी वखार बांधली आणि तिच्या वास्तुशांतीला मावसाजींना बोलावले. हा मान लहान नव्हता. शेटजींच्या घरचे पौरोहित्य म्हणजे साऱ्या बाजारपेठेचे पौरोहित्य, आणि त्यावर गावातल्या झाडून सगळ्या भिक्षुकांचा डोळा. मावशीने आठ दिवस आधी बजावले होते, की त्या दिवशी परसदार उघडायचे नाही. मावसाजींनी ऐकले. सूर्योदयाला आंघोळ करून, रेशमी मुकटा नेसून, भस्माचे पट्टे ओढून ते वखारीत जाऊन बसले, तेव्हा मला ते ओळखूच येईनात. संकल्प झाला, गणपती झाला, तांदळाच्या पुंजांवर नवग्रहांच्या सुपाऱ्या मांडल्या. शेटजी आणि शेटाणीबाई उपरण्याला पदराची गाठ मारून पाटावर. इतका वेळ सगळे सुरळीत चालले होते.

आणि वखारीच्या दारात संपत येऊन उभा राहिला. शेंदूरजन्याचा गाडीवान, वाळक्या लाकडासारखा माणूस. बायको पटकीत गेलेली, मूलबाळ नाही. घर म्हणजे गाडी, आणि गाडीखालचा भुऱ्या हेच कुटुंब. त्याची गाडी दोन-चार दिवसांपासून आमच्याच आवारात तोलाईची वाट पाहत उभी होती. भुऱ्याला त्याने घोंगडीत घेतले होते. वासराएवढे कुत्रे, पण मान खाली लोंबत होती. संपत दारातूनच म्हणाला, "महाराज, उठत नाई जी हा. लय शाना आहे, गाडीपाशी थेंब टाकत नाई कवा. मीच सांगत होतो साऱ्यायले, पाहा म्हणून. आता उठतच नाई." वखारीतले नोकर त्याला हाकलायला धावले. मी मावसाजींकडे पाहिले. हात अक्षतांवर, तोंडात मंगळाचे आवाहन, आणि डोळे घोंगडीवर. त्यांनी आवाहन पुरे केले आणि त्याच सुरात, त्याच हेलात पुढे म्हणाले, "खाली ठेव त्याले, कुशीवर ठेव, सरकीचा शेक द्या, पोटाले द्या."

शेटजींना संस्कृताचा गंध नव्हता. महाराज जे म्हणतील ते निमूटपणे करायचे, एवढेच त्यांना माहीत. सरकी हा शब्द तेवढा त्यांच्या ओळखीचा. त्यांनी मला खूण केली. वखारीत सरकीचे ढीगच पडलेले. मी कढईत शेकून, फडक्यात पुरचुंडी बांधून आणली. शेटजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, चटका बसला तरी सोडली नाही, आणि मंगळाच्या सुपारीपुढे नैवेद्यासारखी ठेवून दिली. मावसाजी बुधावर आले होते. त्याच सुरात म्हणाले, "तिथं नाई, कुत्र्याच्या पोटाले, हळू ठेवा." शेटाणीबाई जरा समजदार, त्यांनी पुरचुंडी उचलून माझ्याकडे दिली आणि मी संपतकडे. बाकीचे भिक्षुक एकमेकांकडे पाहू लागले, कारण बुधाच्या मंत्रात कुत्रे कुठे येते ते कोणालाच आठवेना.

शेक दिला. काही झाले नाही. भुऱ्याने एकदा कण्हल्यासारखे केले, तेही असे बारीक, की एवढ्या मोठ्या जनावराच्या तोंडचे वाटू नये. संपतने त्याचे डोके मांडीवर घेतले होते. मावसाजींचा आवाज शुक्रापर्यंत कसाबसा गेला. शनीपाशी थांबला. उद्या या, पारोसा असताना, असे सांगायची सोय नव्हती. उद्यापर्यंत कुत्रे राहणार नव्हते, हे त्या वखारीत त्यांच्याइतके कोणालाच कळत नव्हते. त्यांनी हातातल्या अक्षता तबकात परत ठेवल्या आणि ते उठले. एक वडीलधारे भिक्षुक म्हणाले, "अहो, सोवळ्यात आहात. संकल्प सोडला आहे." मावसाजी म्हणाले, "सोवळं पुन्हा नेसता येते, काकाजी." आणि मुकट्यासकट संपतपाशी जाऊन बसले. दोन बोटे पोटावर फिरवली. मान हलवली. मग आजूबाजूला पाहिले, कापसाचे ढीग, गाडी, गाडीखालची संपतची भाकरीची गाठोडी, आणि एकदम म्हणाले, "इथं नाई करणार तो. हे त्याच्या मालकाचं घर आहे. जीव गेला तरी नाई करणार."

आणि त्या वासराएवढ्या कुत्र्याला त्यांनी उचलून छातीशी धरले. अंगात मांस नाही, वय उताराला लागलेले, रेशमी मुकटा घोट्यात अडकतो आहे, पण हा माणूस भर बाजारातून चालत सुटला. मागे शेकाची पुरचुंडी घेऊन संपत. त्याच्या मागे मी. आणि माझ्या मागे काय पाहतो, तर शेटजी आणि शेटाणीबाई, गाठ बांधलेली तशीच, अनवाणी, हात जोडून. कारण भटजी उठले म्हणजे यजमानाने मागे जायचे, हाही विधीच असणार. त्यांच्यामागे उरलेले ब्रह्मवृंद कुरकुरत. दुकानदार उठून उभे राहिले. कोणी म्हणाले मिरवणूक आहे, कोणी फुलेसुद्धा टाकली.

भाजीबाजाराच्या वळणावर परकोटाला टेकून एक काळा गोटा होता. माणसांना त्यात काही दिसायचे नाही, पण गावातले एकही कुत्रे त्यावर हजेरी लावल्याशिवाय पुढे जात नसे, हे मावसाजींनी वर्षानुवर्षे उभे राहून पाहिले होते. त्यांनी भुऱ्याला तिथे खाली ठेवले, नाक गोट्याच्या अंगाला केले, कमरेखाली हात देऊन उभे धरले, आणि संपतला शेक लावायला सांगितला. भुऱ्याने हुंगले. पुन्हा हुंगले. तंगडी उचलायची ताकद नव्हती. एक थेंब पडला, तांबूस. मग दुसरा. मग काहीच नाही, आणि संपतने डोळे मिटून घेतले. मावसाजी भुऱ्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत होते. लोकांना वाटले मंत्र. मी जवळ होतो, ते म्हणत होते, "कर बापा, कर. इथं कोणी रागवत नाई." आणि मग धार लागली. काय धार होती ती! थांबेचना. गोट्यावरून मुकट्यावर, मुकट्यावरून पायांवर, आणि हा घनपाठी ब्राह्मण तसाच वाकून उभा, चेहऱ्यावर असे समाधान की काय सांगू. शेवटी शेटजी हळूच म्हणाले, "महाराज, वास्तू शांत झाली काय?" मावसाजी म्हणाले, "वास्तू होईन संध्याकाळपर्यंत. पहिले हा झाला."

मग त्यांनी बाजारातल्या विहिरीवर आंघोळ केली, ओलेत्याने परत येऊन संकल्प पुन्हा सोडला आणि गणपतीपासून सगळे पहिल्याने केले. जेवणे दिवे लागताना झाली. भिक्षुकांनी पुढे फार आरडाओरडा केला, मावसाजींनी मुकाट्याने पंचगव्य घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परसदारी रांग होती. बाजारपेठेचे पौरोहित्य काही त्यांना मिळाले नाही. शेटजींनी मात्र एक केले. आमच्या आवारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीचे कुत्रे सकाळ-संध्याकाळ सोडायचे, पाणी पाजायचे आणि लांब फिरवून आणायचे, असा हुकूम काढला, आणि त्यावर देखरेख करायला कोणाला नेमले? मला. मोडीच्या भांडवलावर आलेला मी, दोन्ही वेळा गाड्यांच्या रांगेतून "कुत्री सोडा हो, कुत्री सोडा" अशी हाळी देत हिंडू लागलो. मावसाजी माझ्याकडे एखाद्या जावयाकडे बघावे तसे कौतुकाने बघायचे.

पुढे अमेरिकेतले भांडण मिटले, कापूस चढला होता तसाच खाली आला, आणि आगगाडी बडनेऱ्यात शिट्टी मारू लागली. गाड्यांचा तळ हळूहळू मोकळा झाला. एक दिवस दुपारकडे संपत परसदारी आला. मावसाजी नुकतेच न्हाले होते. सोवळे नेसून गंध उगाळत बसले होते. संपत म्हणाला, "जातो जी महाराज. आता गाडीचं काम नाई राह्यलं. भावाच्या वावरात राहीन. इकडे काई येणं होणार नाई."

"लघुशंका?" मावसाजींनी विचारले.

"साफ होते जी."

"पाणी पेते?"

"पेते."

"चाटते-बिटते?"

"नाई जी. काई नाई त्याले."

विचारण्यासारखे आणखी काही उरले नाही. मावसाजी उगाच सहाण पुसत राहिले. भुऱ्या मोकळाच होता. तो पायरीपाशी येऊन उभा राहिला आणि वर पाहू लागला, आत मात्र आला नाही. मावसाजी उठले. दारापर्यंत गेले. त्यांनी आजवर शेकडो कुत्र्यांना हात लावला असेल, पण धडधाकट कुत्र्याला हात लावायचे त्यांना कधी कारणच पडले नव्हते. ते खाली वाकले आणि भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग कानांमागे. मग मानेवरून पाठीपर्यंत, सावकाश, पुन्हा पुन्हा. भुऱ्याने डोळे मिटले. संपत दुसरीकडे पाहत होता. मीही.

गाडीचा आवाज गल्लीतून गेल्यावर मावशी चुलीपासून उठून आली. ती आता देवांच्या नावाने काहीतरी बोलणार म्हणून मी वाटच पाहत होतो. तिने मावसाजींच्या हाताकडे पाहिले, मग त्यांच्या तोंडाकडे.

"काय झालं होतं त्याले?" तिने विचारले.

"काई नाई," मावसाजी म्हणाले. "काईच नाई झालं होतं."

मावशीने घागर उचलली आणि त्यांच्या दुसऱ्या आंघोळीचे पाणी काढायला विहिरीवर गेली.